शेवंडी चालत आल्या

आईला पाण्याचं कौतुक नाही. जिचा सगळा जन्म अलिबाग आणि पेणच्या मधल्या खारेपाटात गेला, तिला समुद्र म्हणजे बांधापलीकडचा भांडकुदळ शेजारी. कधी आत शिरेल नेम नाही. त्यामुळे एप्रिलच्या शेवटी मी म्हटलं, "आई, लुईझियानाला जाऊ, तिथली दलदल बघण्यासारखी आहे," तेव्हा ती चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "चिखल बघायला चार तास गाडीत बसायचं? चिखल मी साठ वर्षं बघितलाय. फुकट."

तरी निघालो. आई, मी आणि माझी सोळा वर्षांची लेक सई. नवऱ्याने ऑफिसचं कारण सांगितलं, ते खरंही असेल. ह्यूस्टनहून पूर्वेला निघालं की इंटरस्टेट १० सरळसोट आणि कंटाळवाणा आहे. बोमाँट, मग राज्याची हद्द, मग लेक चार्ल्सच्या तेलशुद्धीकरणाच्या चिमण्या. सईच्या कानात बोंडं, आईच्या हातात जपमाळ. दोघी आपापल्या जगात आणि मी ड्रायव्हर.

लेक चार्ल्स मागे पडलं आणि आई एकदम सावरून बसली.

"अगो, ही खाचरं आहेत. भरलेली. एप्रिलात?"

दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली शेतं होती. बुटके बांध, आणि पाण्यातून ओळीने वर आलेल्या लाल प्लॅस्टिकच्या माना. त्या माना म्हणजे तारेच्या पिंजऱ्यांची तोंडं. एका शेतात एक माणूस पत्र्याची सपाट होडी चालवत होता. होडीच्या मागे दातेरी लोखंडी चाक होतं, ते चिखलात रुतून होडी पुढे रेटत होतं. होडी न थांबवता तो एकेक पिंजरा उचलायचा, आतला माल ट्रेवर ओतायचा, नवं आमिष टाकायचा आणि पिंजरा परत रोवायचा. मी गाडी कडेला घेतली. आईने काच खाली केली आणि चांगली दहा मिनिटं बघत राहिली. दलदल बघायला आलेल्या बाईने पहिल्यांदा जे मन लावून बघितलं, ते भाताचं खाचर होतं.

हे क्रॉफिशचं पीक. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, शेवंडीच्या भावकीतला, बोटाएवढा प्राणी. दोन नांग्या, टणक कवच, लालसर काळा. भात ऑगस्टच्या सुमाराला कापतात. पेंढा शेतातच राहतो. तोवर क्रॉफिश जमिनीत बिळं करून बसलेले असतात. ऑक्टोबरात शेतात पाणी सोडलं की माद्या पिल्लं घेऊन वर येतात आणि कुजणाऱ्या पेंढ्यावर जे काही वाढतं त्यावर पोसतात. हिवाळ्यापासून मे-जूनपर्यंत पिंजरे लावायचे, मग पाणी सोडून द्यायचं. एकाच शेतात भातही आणि मासळीही. मी हे सगळं समजावून सांगत होते, आणि आई मला गप्प करत म्हणाली, "मला काय शिकवतेस? आपल्याकडे तळ्यात जिताडे सोडतात ते काय वेगळं आहे?"

खरं आहे. खारेपाटात घराजवळ, शेताजवळ तळी असतात. खाडीतून आलेली जिताड्याची पिल्लं त्यात वाढवायची आणि जावई येईल तेव्हा काढायची. मला हे माहीत होतं. पण इथे, क्राउली गावाच्या फाट्याजवळ, ते मला आठवलं नव्हतं. क्राउलीला भाताचं मोठं केंद्र म्हणतात, तिथे १९३७ पासून भाताचा महोत्सव भरतो. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग जेवायला भात मिळेल म्हण की." तिची ही अमेरिकेतली सर्वांत मोठी विवंचना होती आणि ती एका वाक्यात मिटली.

या मुलखाला अकेडियाना म्हणतात. १९७१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने बावीस परगण्यांना मिळून हे नाव अधिकृतपणे दिलं. इथल्या लोकांना म्हणतात केजन. मुळात 'अकादियँ', त्यातला 'अ' गळून 'कादियँ', आणि इंग्रजांच्या तोंडात त्याचं झालं 'केजन'. अकादी म्हणजे आजच्या कॅनडातलं नोव्हा स्कोशिया आणि आसपासचा किनारा. फ्रान्सहून आलेली शेतकरी कुटुंबं १६०४ पासून तिकडे जाऊन राहू लागली. तिथल्या उपसागराला प्रचंड भरती येते. या लोकांनी काय केलं? भरतीच्या खाजणाला मातीचे बांध घातले आणि बांधाच्या पोटात लाकडी गटार बसवलं. त्या गटारात एक झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जायचं. भरती आली की तीच झडप समुद्राच्या दाबाने घट्ट बसायची. दोन-तीन वर्षांत पावसाने मीठ धुतलं की जमीन पिकायला लागायची. याला ते 'आब्वातो' म्हणत.

हे मी ब्रो ब्रिजला पोचल्यावर, मुक्कामाच्या घरी पलंगावर पडल्यापडल्या फोनवरून वाचून दाखवत होते. आई अंधारातच म्हणाली, "उघाडी."

"काय?"

"उघाडी गं. बांधाची उघाडी. तुझ्या आजोबांचं नाव घेतलं की लोक म्हणायचे, उघाडीवरचे. रात्री भरतीच्या वेळी कंदील घेऊन बघायला जायचे, फळी नीट बसली का."

गोव्यात यालाच मानस म्हणतात, जमिनीला खाजन. जगाच्या दोन टोकांना, एकमेकांचं नावही ठाऊक नसलेल्या लोकांनी समुद्राला तीच फळी लावली होती. मला त्या रात्री झोप लागेना.

कारण पुढची गोष्ट मला माहीत होती. १७१३ च्या तहात अकादी इंग्रजांकडे गेली. इंग्रजांना या लोकांकडून बिनशर्त राजनिष्ठेची शपथ हवी होती. फ्रेंचांविरुद्ध हत्यार उचलावं लागणार नाही, या अटीवर हे लोक शपथ घ्यायला तयार होते. चाळीसेक वर्षं हे घोंगडं भिजत पडलं. ५ सप्टेंबर १७५५ रोजी ग्राँ-प्रे गावच्या चर्चमध्ये पुरुषांना आणि मोठ्या मुलांना बोलावून घेतलं. ४१८ जण आले. दारं बंद झाली आणि हुकूम वाचला: जमिनी, गुरंढोरं सरकारजमा, तुम्ही सगळे हद्दपार. पुढच्या काही वर्षांत दहा हजारांहून जास्त माणसं जहाजांत कोंबून अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत, इंग्लंडात, फ्रान्सला पाठवली गेली. कुटुंबांची ताटातूट झाली. किती तरी वाटेत बुडाले, किती देवीने मेले. याला ते 'ल ग्राँ देराँजमाँ' म्हणतात, शब्दशः 'मोठी गैरसोय'. एवढ्या मोठ्या दुःखाला इतका सौम्य शब्द. आपल्याकडची जुनी माणसं प्लेगला 'तो आजार' म्हणायची तसं.

एक तपशील मला फार लागला. त्या मोकळ्या झालेल्या जमिनींवर इंग्रजांनी न्यू इंग्लंडहून नवे शेतकरी आणायचं ठरवलं. १७५९ च्या वादळात बांधांना खांडी पडल्या आणि नव्या लोकांना बांध दुरुस्त करता येईना. मग कैदेत ठेवलेल्या अकादी माणसांनाच त्या कामावर लावलं. स्वतःचीच जमीन, स्वतःचाच बांध, आणि मालक दुसरा. आईला हे सकाळी सांगितलं. ती वेणी घालत होती. म्हणाली, "त्यांनी नीट बांधला असणार. बांध कुणाचा का असेना, माणूस वाईट बांधत नाही."

इकडे लुईझियानात पहिला मोठा जथा आला तो १७६५ मध्ये, ब्रुसार नावाच्या बंडखोराच्या पाठोपाठ. मग १७८५ मध्ये फ्रान्समधून सात जहाजांनी सुमारे १,६०० माणसं आली. खाजणातून उठवलेले लोक पुन्हा पाण्यातच येऊन पडले. आणि आज ते पाणीच त्यांची जमीन खातंय. १९३० च्या दशकापासून या राज्याचा जवळपास ४,८०० चौरस किलोमीटर किनारा समुद्रात गेला. मिसिसिपीला दोन्ही बाजूंनी बांधून काढल्यामुळे गाळ पसरत नाही, आणि तेल कंपन्यांनी खोदलेल्या कालव्यांतून खारं पाणी आत शिरतं. माझ्या नवऱ्याचा पगार त्याच धंद्यातून येतो, हे इथे लिहून ठेवते.

पहिल्या संध्याकाळी ब्रो ब्रिजला क्रॉफिश खाल्ले. १९५९ मध्ये राज्याने या गावाला 'जगाची क्रॉफिश राजधानी' म्हणून जाहीर केलं आहे आणि मे महिन्यात इथे क्रॉफिशची जत्रा भरते. आम्ही आठवडाभर आधी आलो होतो, ते बरंच झालं. टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, आणि वाढणाऱ्याने लाल क्रॉफिश, मक्याची कणसं, बटाटे यांचा ढीग समोर ओतला. ताट नाही, चमचा नाही. पद्धत अशी: शेपूट पिळून वेगळी करायची, आतलं मांस ओढायचं आणि डोकं चोखायचं. सईला मी चार वेळा दाखवलं, तिला जमेना. आईला कुणी दाखवलंच नाही. तिने पदर खोचला आणि कामाला लागली. चिंबोरीच्या नांग्या फोडण्यात आयुष्य गेलेली बोटं ती. पंधरा मिनिटांत तिच्यासमोर कवचांची टेकडी झाली. शेजारच्या टेबलावरचा टोपीवाला माणूस जेवायचं थांबवून बघत होता.

"मसाला सगळा कवचाला लागलाय," आईने निकाल दिला. "आत आळणी. उकळून झाल्यावर पाण्यातच थोडे ठेवायला हवे होते."

मी हे त्या टोपीवाल्याला इंग्रजीत सांगितलं. तो टेबलावर थाप मारून हसला. हीच तक्रार त्याची बायको करते म्हणे: चूल बंद केल्यावर अर्धा तास भिजू द्यायचे, घाईच्या दिवसांत हॉटेलवाले देत नाहीत. (ह्यूस्टनला व्हिएतनामी लोक क्रॉफिश वरून लसूण-लोण्यात घोळवतात. मला ते जास्त आवडतात, पण हे मी तिथे बोलले नाही. माणसाने पाहुण्या गावात थोडं भिऊन असावं.)

त्यानेच ती गोष्ट सांगितली. इथे ती लहान मुलांनाही पाठ असते. अकादीच्या किनाऱ्यावर शेवंडी होत्या, भल्या मोठ्या. माणसांना जहाजांत घालून नेलं तेव्हा शेवंडींना करमेना. त्या पाठोपाठ निघाल्या. हजारो मैल समुद्राच्या तळाने चालत, पोहत. वाटेत खायला काही नाही, चालून चालून झिजल्या, लहान लहान होत गेल्या. लुईझियानाला पोचल्या तेव्हा बोटाएवढ्या उरल्या होत्या. त्याच या क्रॉफिश. मी आईसाठी मराठीत सांगितलं. आईने हातातल्या क्रॉफिशकडे बघितलं आणि म्हणाली, "नांग्या मात्र टाकल्या नाहीत हं."

शनिवारी सकाळी युनिसला गेलो. या मुलखात शनिवारची सकाळ वाद्यांची असते. मामू नावाच्या छोट्या गावात फ्रेड्स लाउंज म्हणून एक बार आहे, तो शनिवारी सकाळीच उघडतो आणि तिथून रेडिओवर थेट गाणीबजावणी चालते. सकाळी नऊला बिअर हातात घेऊन नाचणारे आजी-आजोबा आईला दाखवायचं धाडस मला झालं नाही. म्हणून युनिसच्या बाहेर मार्क सव्वा यांच्या दुकानात गेलो. ते स्वतः अकॉर्डियन बनवतात. १९६६ पासून दुकान आहे आणि शनिवारी सकाळी तिथे कुणीही वाद्य घेऊन येऊन बसतं. फिडल, गिटार, अकॉर्डियन, आणि एक लोखंडी त्रिकोण. त्याला 'ती फेर' म्हणतात, म्हणजे 'छोटं लोखंड'. पूर्वी हे गवत ओढायच्या दाताळाचे दाते वाकवून करायचे. त्याचा टणत्कार आपल्या टाळांसारखाच. एकदा कानात बसला की दिवसभर उतरत नाही.

आई अकॉर्डियनकडे बघत म्हणाली, "ही तर पेटी. उभी धरलेली." सईने एका कानातलं बोंड काढलं आणि फोनमध्ये बघून सांगितलं की आजी बरोबर आहे, दोन्हींत आवाज हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पात्यांतूनच येतो. हे अर्थात इंग्रजीत. सईला मराठी सगळं कळतं. उत्तर इंग्रजीत येतं.

गाणी सगळी फ्रेंच. बहुतेक दुःखाची: घर सुटलं, ती सोडून गेली, मी अनाथ आहे. चाल मात्र पायांना ओढणारी. ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ डोळे मिटून गात होते. गाणं संपल्यावर मी त्यांना माझ्या कॉलेजातल्या मोडक्या फ्रेंचमध्ये काही विचारलं. ते संकोचले. इंग्रजीत म्हणाले, मला बोलता येत नाही हो. ओळी पाठ आहेत. अर्थ साधारण माहीत आहे. आई-वडील आपसांत फ्रेंच बोलायचे, आमच्याशी इंग्रजी. मुलांना कळू नये असं काही असलं की फ्रेंच.

१९२१ च्या राज्यघटनेने लुईझियानाच्या शाळांत इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेला जागा ठेवली नाही. घरी फक्त फ्रेंच ऐकलेली सहा वर्षांची पोरं शाळेत गेली. लघवीला जाऊ का, हे इंग्रजीत विचारता येईना म्हणून बाकावरच ओली झालेली मुलं, ही आठवण इथल्या कितीतरी घरांत सांगतात. फ्रेंच बोलताना सापडलं तर छडी, नाहीतर ओळी लिहायच्या. लफायेतमधल्या व्हर्मिलियनव्हिल नावाच्या जुन्या वस्तीच्या संग्रहालयात आम्ही दुपारी गेलो. तिथे शाळेची एक खोली उभी केली आहे. फळ्यावर खडूने तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहिलेली: मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही. मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही.

ती पोरं मोठी झाली, आईबाप झाली, आणि आपल्या लेकरांना तो मार बसू नये म्हणून त्यांनी घरात इंग्रजी आणली. गंमत बघा, दुसऱ्या महायुद्धात याच पोरांना फ्रान्समध्ये दुभाषे म्हणून वापरलं. १९६८ मध्ये सरकारने शहाणपण सुचल्यासारखी फ्रेंचच्या जपणुकीसाठी संस्था काढली, जेम्स डोमँजो नावाच्या वकिलाच्या पुढाकाराने. फ्रान्स, बेल्जियम, क्वेबेकहून शिक्षक आणले. १९७४ मध्ये लफायेतला केजन संगीताला मानाचा मुजरा म्हणून मोठा कार्यक्रम झाला, त्यातून आजचा वार्षिक उत्सव उभा राहिला. आता काही शाळांत मुलं सगळे विषय फ्रेंचमधून शिकतात. पण मधली एक-दोन पिढ्यांची पायरी निखळली ती निखळलीच.

आणि ही गाणी केवळ गोऱ्या केजनांची नाहीत, हे तिथे फिरताना विसरायला फार सोपं जातं. अमेदे आर्दवँ हा काळा क्रिओल, म्हणजे इथल्या फ्रेंच बोलणाऱ्या काळ्या समाजातला, अकॉर्डियनवाला. १९२९ पासूनची त्याची ध्वनिमुद्रणं केजन आणि झायडेको (हे काळ्या क्रिओलांचं) या दोन्ही संगीतांच्या मुळाशी आहेत. एका नाचाच्या रात्री गोऱ्या घरातल्या मुलीने त्याला घाम पुसायला रुमाल दिला आणि त्यासाठी त्याला अर्धमेला होईस्तोवर मारलं, असं सांगतात. १९४२ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. झायडेको हे नावच एका फ्रेंच म्हणीतून आलं असं मानतात: 'घेवड्याच्या शेंगांत मीठ नाही'. म्हणजे शेंगांत टाकायला खारवलेल्या मांसाचा तुकडाही घरात नाही, इतकी गरिबी. मिठागराच्या गावच्या आईला ती म्हण लगेच कळली.

फळ्यासमोर सई बराच वेळ उभी होती. मग तिने मला विचारलं, "आपल्याकडे कुणी असं केलं का?"

कुणीच केलं नाही. तिला बोलायला थोडा उशीर झाला होता. अडीच वर्षांची असताना तिच्या बालवाडीतल्या बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, घरी एकच भाषा ठेवा, मूल गोंधळतंय. आम्ही दोघे इंजिनियर, कागद मागितल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी माणसं. पण या बाईंना आम्ही एक प्रश्न विचारला नाही. त्याच रात्रीपासून घरात इंग्रजी. छडी नाही, ओळी नाहीत. पुढे पाच वर्षांनी रविवारच्या मराठी शाळेत घातलं, तेव्हा ती गणपतीची आरती रोमन अक्षरांत वाचून खणखणीत म्हणायची. सगळे टाळ्या वाजवायचे. 'ओवाळू आरती' म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं. आता आमच्या घरात मराठीचा उपयोग म्हणजे दुकानात शेजारच्या माणसाबद्दल बोलणं.

हे सगळं मी सईला त्या खोलीत सांगितलं नाही. "नाही, कुणी नाही केलं," एवढंच म्हटलं.

मार्दी ग्राच्या सणाला मी एकदा आले होते, आईशिवाय, ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर. ते इथे आठवलं म्हणून लिहिते. न्यू ऑर्लिन्सची मण्यांच्या माळांची मिरवणूक वेगळी. खेड्यांतली धाव वेगळी. चिंध्यांचे झगे, तारेचे मुखवटे, टोकदार टोप्या घातलेली टोळी घोड्यांवरून आणि ट्रेलरवरून घरोघर जाते. पुढे बिनमुखवट्याचा कप्तान, हातात पांढरं निशाण. तो घरमालकाची परवानगी घेतो, मग टोळी अंगणात शिरते, गाते, नाचते, जमिनीवर लोळते, हात पुढे करून 'सँक सू, सँक सू', पाच पैसे द्या म्हणते. घरमालक जिवंत कोंबडी उडवतो आणि चिखलात तिच्यामागे झुंबड उडते. गोळा झालेल्या जिनसांचा संध्याकाळी सगळ्या गावाचा गंबो, म्हणजे भातावर घ्यायचा दाट रस्सा. हे सगळं ख्रिस्ती उपवासाचा काळ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, फेब्रुवारी-मार्चमध्ये. मी व्हिडिओ पाठवला होता तेव्हा आईचा एका ओळीचा निरोप आला होता: शिमग्याचं पोस्त मागतायत ना?

शनिवारी रात्री घराच्या मालकीणबाईंनी गंबो करायचं ठरवलं. सत्तरीच्या, उंच, कमरेत किंचित वाकलेल्या. आई डुकराचं खात नाही हे मी आधीच सांगितलं होतं, तर त्यांनी सॉसेज वगळून कोंबडी आणि भेंडी घेतली. गंबो हा शब्दच आफ्रिकी भाषांतून आला, अर्थ भेंडी. गुलामांबरोबर आलेली भाजी, फ्रेंचांचं पीठ-तेलाचं वाटण, चोक्टॉ आदिवासींची वाळवून दळलेली ससाफ्रासची पानं, सगळं एका भांड्यात. आईला स्वयंपाकघरात शिरू नकोस असं सांगायचं माझ्या मनात होतं. मी बोलेपर्यंत ती चुलीशी पोचली होती.

बिडाच्या जड भांड्यात तेल, तेवढंच पीठ. मंद आच. मालकीणबाई चपट्या लाकडी उलथन्याने ढवळायला लागल्या. याला रू म्हणतात, आणि इथला जवळजवळ प्रत्येक पदार्थ इथून सुरू होतो. दहा मिनिटांनी लाडवाच्या बेसनाचा रंग आला. आईने मान डोलावली. वीस मिनिटांनी विटकरी झाला, वास खरपूस. आईने माझ्याकडे बघितलं. बाई ढवळतच होत्या, एक थेंब घाई नाही, एक क्षण थांबणं नाही. रंग तपकिरी झाला, मग गडद तपकिरी.

"करपतंय," आई म्हणाली.

बाईंनी वळून बघितलं.

"सांग त्यांना. करपतंय."

मी सांगायच्या आत बाईंनी मान हलवली, तर्जनी वर केली: थांबा. आणखी चार-पाच फेरे. रंग चॉकलेटचा झाला, धूर यायच्या अगदी उंबरठ्यावर. मग त्यांनी एका हाताने चिरलेला कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची एकदम आत लोटली. चर्रर्र झालं आणि सगळं शांत. आई पुढे वाकून वास घेत राहिली. "एवढं धाडस मला नसतं झालं," ती म्हणाली. हे शब्द मी तिच्या तोंडून दुसऱ्या कुठल्या बाईच्या स्वयंपाकाबद्दल आजवर ऐकले नव्हते.

भेंडी बाईंनी वेगळ्या कढईत आधी परतली आणि तार मोडायला चमचाभर व्हिनेगर घातलं. आईने पर्समधून आमसुलाची डबी काढून दाखवली. बाईंनी एक आमसूल हुंगलं, चाटलं, डोळे बारीक केले. मी आतापर्यंत दोघींमध्ये भाषांतर करत होते. आता कुणाला गरज नव्हती, म्हणून मी खुर्ची ओढून बसले. आई मराठीत बोलत होती, बाई इंग्रजीत, मधूनच एखादा फ्रेंच शब्द. भांड्याच्या कडेला काही काळपट दिसलं की बाई आईकडे बघून मुद्दाम विचारायच्या, "कारापतं?" आणि आई खूश होऊन ओरडायची, "नाही नाही!" सई दारात उभी राहून हे फोनवर टिपत होती.

गंबो भातावर वाढतात. आईने दोनदा घेतला. बटाट्याचं सॅलड त्यातच टाकून खायची इथली रीत मात्र तिने मान्य केली नाही.

रविवारी एव्हरी आयलंडला गेलो. टबास्कोचं गाव. बेट नाही, मिठाच्या प्रचंड खांबावरची टेकडी आहे. इथे १८६८ पासून त्या लाल मिरच्यांचा सॉस बनतो. मिरच्या वाटून मीठ घालून ओकच्या पिंपांत तीन-तीन वर्षं मुरवतात. आईला दुकानातला सॉस पातळ वाटला, पण तीन वर्षं मुरवायची कल्पना पसंत पडली. बागेत, तळ्याकाठी, एका काचेच्या देवळीत शेकडो वर्षांची चिनी बुद्धमूर्ती आहे, १९३६ पासून. आईने चपला काढल्या आणि हात जोडले. मागून एक सुसर अर्धी पाण्याबाहेर येऊन हे बघत होती. एवढी एकच सुसर आम्हाला दिसली. अचाफलायाची दलदल, सायप्रसची झाडं, त्यावरचं लोंबतं शेवाळ, ज्यासाठी म्हणून निघालो होतो, ते राहूनच गेलं. कुणी तक्रार केली नाही.

परतताना बर्फाच्या पेटीत सोललेल्या क्रॉफिशच्या शेपट्या होत्या. सोमवारी संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तर घरभर भाजक्या कांदा-खोबऱ्याचा वास. आई डायनिंग टेबलाशी बसून लसूण सोलत होती. चुलीशी सई. तिच्या हातात उलथनं, समोर कढईत वाटण, आणि कपाळावर घाम.

तिने मान न वळवता विचारलं, "आजी, करपतंय?"

"अजून नाही," आई म्हणाली. "ढवळ."